तात्यांच्या पायावरचं वजन

‘स्टेम सेल’ हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा उच्चारला तो माझ्या आतेभावानं. तोही एका जावळाच्या जेवणात, रश्श्याची वाटी तोंडाला लावता लावता. ‘‘तात्यांच्या पायाला स्टेम सेल मारायचं. पुण्यात करत्यात. पाय कापायचा विषयच संपला!’’

‘मारायचं’ हे त्यानं अशा थाटात सांगितलं, जणू डाळिंबावर औषध मारायचंय. पण पंगतीतल्या सगळ्यांच्या माना माझ्याकडे वळल्या. कारण पुण्यात राहणारा मी. लॅपटॉपवाला मी. पुण्यातलं काहीही असलं, कॉलेजची अॅडमिशन असो, सेकंडहॅण्ड कार असो नाहीतर स्टेम सेल, चौकशी करायची ती मीच.

आमचं गाव म्हसवड. हिंजवडीत कुणाला सातारा जिल्हा सांगितला की पुढचा प्रश्न ठरलेला असतो, ‘‘वॉव, महाबळेश्वरच्या बाजूला का?’’ नाही हो. धुकं, स्ट्रॉबेरी, हनिमून हे सगळं जिल्ह्याच्या त्या टोकाला. आमचा माण तालुका बरोब्बर उलट्या टोकाला. पाऊस म्हसवडला पाहुण्यासारखा येतो आणि चहा न घेताच जातो. माणगंगेत पाण्यापेक्षा वाळू जास्त दिसते. ज्वारी, बाजरी, शेळ्या-मेंढ्या, ज्यांना जमलं त्यांची डाळिंबं, आणि चालणं. खूप चालणं.

हा तालुकाच पायांचा आहे. ‘माणदेशी एक्सप्रेस’ ललिता बाबर इथल्याच मोही गावची. २०१६ मध्ये रिओ ऑलिम्पिकला ३००० मीटर स्टीपलचेसच्या फायनलमध्ये ती दहावी आली, तेव्हा आमच्याकडे कुणाला फारसं आश्चर्य वाटलं नाही. अभिमान वाटला, पण आश्चर्य नाही. मळ्यातून गावात, गावातून बाजारात, बाजारातून परत वस्तीवर, असं चालण्यातच इथल्या माणसांची हयात जाते. माझे वडील, म्हणजे तात्या, याच जातकुळीतले. वय चौसष्ट, वजन पंचावन्न किलो, अंगावर चरबीचा कण दिसायचा नाही. आणि डायबिटीस तेरा वर्षांचा.

‘‘एवढ्या बारीक माणसाला शुगर?’’ हे आम्ही इतक्या वेळा ऐकलंय की आता आई फक्त हसते. पुण्याच्या केईएम हॉस्पिटलचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांनी कितीतरी वर्षांपूर्वी दाखवून दिलंय की भारतीय माणूस वरून बारीक आणि आतून ‘फॅट’ असू शकतो. २००४ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा आणि त्यांच्या एका इंग्रज सहकाऱ्याचा शेजारी-शेजारी फोटो छापून आला होता. दोघांचा बीएमआय अगदी सारखा, २२.३. अंगातली चरबी मात्र इंग्रजाच्या दुपटीहून जास्त याज्ञिकांची. त्यामुळे ‘आमच्या तात्यांना नाही होणार’ हे वाक्य मेडिकली बाद आहे. २०२३ मध्ये आयसीएमआरच्या देशव्यापी पाहणीनं भारतातल्या मधुमेहींचा आकडा दहा कोटींच्या पुढे नेला. त्यात आपल्या सगळ्यांच्या घरातलं कुणीतरी असणारच.

तर, मार्गशीर्ष शुद्ध प्रतिपदेला म्हसवडला सिद्धनाथाचा रथ निघतो. सिद्धनाथ-जोगेश्वरीच्या लग्नाचा सोहळा रथानं पुरा होतो. ‘सिद्धनाथाच्या नावानं चांगभलं’ असा एकच गजर, गुलाल-खोबऱ्याची उधळण, आणि लाखांची गर्दी. तात्या दरवर्षी अनवाणी असतात. देवापुढे पायताण घालायचं नाही, विषय संपला.

रथ झाला. तिसऱ्या दिवशी आई फरशी पुसत होती, तर बैठकीच्या खोलीपासून मोरीपर्यंत एकेका पावलावर एकेक तांबूस ठिपका. तिला वाटलं गुलाल. पुसला तर चिकट लागला. तिनं तात्यांना खाटेवर बसवलं, पाय उलटा केला, आणि अंगठ्याच्या मुळाशी, तळव्यात, एक सराटा निघाला. तीन दिवस तो पायात होता. तीन दिवस तात्या त्याच्यावर चालत होते. धारा काढत होते, बाजार करत होते.

‘‘अवो, सांगायचं तरी!’’ आई म्हणाली.

‘‘दुकतंच न्हाई, तर सांगायचं काय?’’

मला विचाराल तर या आजाराचं सगळं पुस्तक या एका वाक्यात आहे. वाढलेली साखर वर्षानुवर्षं पायांच्या नसा खाते. सुरुवातीला मुंग्या येतात, आग होते. मग एक दिवस ते थांबतं आणि माणूस खूश होतो, की बरं वाटतंय! खरं तर तिथली तक्रार करणारी यंत्रणाच बंद पडलेली असते. ऑफिसच्या भाषेत सांगायचं तर सर्व्हर जळतोय आणि अलर्ट म्यूटवर आहेत. त्यात साखरेनं रक्तवाहिन्याही अरुंद केल्या असतील तर जखम भरायला रक्तच पोचत नाही. आणि जंतूंना काय, त्यांना गोड घरच हवं असतं. जगभरच्या अभ्यासांचा हिशेब सांगतो की दर तीन ते पाच मधुमेहींपैकी एकाला आयुष्यात कधी ना कधी पायाची अशी जखम होते.

सराट्याचं भोक महिन्याभरात रुपयाच्या नाण्याएवढं झालं. गावातल्या डॉक्टरांनी मनापासून ड्रेसिंग केलं, अँटिबायोटिक्स दिली, इन्सुलिन सुरू केलं. जखम मिटायची, उघडायची. आणि मग गावात सुरू झाल्या गोष्टी. अमक्याचा आधी अंगठा काढला, मग घोटा, मग गुडघ्याखालून. तमक्याचा तर वर्षभरात माणूसच गेला. आई रात्री फोनवर कुजबुजायची, ‘‘पाय घेणार न्हाईत न्हवं रं?’’ या पार्श्वभूमीवर आतेभावाचं ते ‘स्टेम सेल मारायचं’ आलं. त्याला हसायची सोय नव्हती.

मी चौकशी केली. पुण्यातल्या एका पॉश रस्त्यावर एक क्लिनिक सापडलं. नाव नको सांगायला. काचेचं रिसेप्शन, कॅप्युचिनोचं मशीन, भिंतीवर ‘बिफोर’ आणि ‘आफ्टर’चे फोटो. एक स्मार्ट काउन्सेलर आली, टॅब्लेटवर प्रेझेंटेशन सुरू. तुमच्याच पेशी, तुमच्याच शरीरात, नो साइड इफेक्ट्स, सक्सेस रेट नव्वद टक्के. तीन सिटिंग्जचं पॅकेज साडेतीन लाख. आणि हो, झीरो कॉस्ट ईएमआय!

तात्या सोफ्याच्या अगदी कडेला बसले होते. ट्रेकिंगला जाताना मी घेतलेले माझे जुने सॅण्डल्स त्यांच्या पायात, त्यावर पांढरं बॅण्डेज. पाऊण तासात त्या बॅण्डेजला कुणी हात लावला नाही. आत जखम केवढी आहे, खोल किती आहे, पायात रक्त येतंय की नाही, हे कुणी पाहिलं नाही. पॅकेज मात्र ठरलेलं होतं.

मी व्यवसायानं सॉफ्टवेअर टेस्टर आहे. आमच्या धंद्यात एक साधा नियम आहे. डेव्हलपर म्हणतो ‘चालतंय’, त्याला पुरावा म्हणत नाहीत. तेव्हा मी विचारलं, ‘‘हे ट्रायलमध्ये तपासलेलं आहे का?’’ ती गोड हसून म्हणाली, ‘‘सर, इट्स अॅन अॅडव्हान्स्ड थेरपी.’’ आम्ही ब्रोशर घेतलं आणि निघालो. लिफ्टमध्ये तात्या म्हणाले, ‘‘पोरगी हुशार हाय. पण पाय न बघता किंमत सांगितली. बैल घेताना बी आपण दात बघतो.’’

पुढचा आठवडा मी रात्री जागून वाचत बसलो. तुमचाही तो आठवडा वाचावा म्हणून जेवढं समजलं तेवढं सांगतो.

स्टेम सेल म्हणजे मूळ पेशी. पायाच्या जखमांसाठी बहुतेक वेळा अस्थिमज्जेतल्या, चरबीतल्या किंवा नाळेतल्या पेशी वापरल्या जातात. आपल्याला वाटतं, या पेशी टोचल्या की तिथे नवं मांस उगवतं, कणसासारखं. तसं नसतं. त्या मुख्यत: निरोप्याचं काम करतात. आजूबाजूच्या पेशींना रासायनिक निरोप देतात, की सूज आवरा, बारीक रक्तवाहिन्या फोडा, कामाला लागा. कल्पना छान आहे, आणि खोटी नाही. २००२ मध्ये जपानी डॉक्टरांनी रक्तपुरवठा आटलेल्या पायांच्या स्नायूंत रुग्णांच्याच अस्थिमज्जेतल्या पेशी टोचल्या. वेदना कमी झाल्या, रक्तपुरवठा सुधारला. जगभर आशा उगवली ती तिथून.

मग २०१५ मध्ये नेदरलँड्समधल्या ‘जुव्हेंटास’ नावाच्या ट्रायलचे निकाल आले. १६० रुग्ण. काहींना अस्थिमज्जेतल्या पेशी पायाच्या रक्तवाहिनीतून दिल्या, काहींना नुसतं दिसायला तसंच द्रावण. कुणाला काय दिलंय हे रुग्णालाही माहीत नाही, डॉक्टरलाही नाही. सहा महिन्यांनी मोजलं तर पाय कापावे लागण्याच्या प्रमाणात फरक नव्हता. खरी मेख पुढेच आहे. वेदना आणि रोजचं जगणं दोन्ही गटांत सुधारलं होतं. म्हणजे ज्याला पेशी मिळाल्या नाहीत तोही सांगत होता, ‘मला बरं वाटतंय!’ आता भिंतीवरचे ते ‘आफ्टर’चे फोटो आठवा. नीट ड्रेसिंग, नीट इन्सुलिन आणि नीट लक्ष मिळालं तर नुसत्या पाण्यानंही ‘आफ्टर’ चांगला येऊ शकतो.

म्हणजे सगळी फसवणूकच का? तसंही नाही. बंगळुरूच्या स्टेम्प्युटिक्स कंपनीनं निरोगी दात्यांच्या अस्थिमज्जेतल्या पेशी वाढवून ‘स्टेम्प्यूसेल’ नावाचं औषध तयार केलं. त्याच्या ट्रायल्स झाल्या आणि २०१६ मध्ये आपल्या औषध नियंत्रकांनी त्याला मर्यादित परवानगी दिली. आधी ती होती बर्जर्स डिसीजसाठी, म्हणजे बिडी-तंबाखूशी घट्ट जोडलेला, पायाच्या रक्तवाहिन्या बंद पाडणारा आजार. २०२० मध्ये ती चरबी साचून रक्तवाहिन्या तुंबलेल्या, अगदी गंभीर अवस्थेतल्या पायांपर्यंत वाढवली. म्हणजे रस्ता आहे. पण तो अरुंद आहे, आणि त्याच्या तोंडाशी एक प्रश्न उभा आहे: पायात रक्त पोचतंय की नाही?

बाकीच्यांसाठी नियम स्पष्ट आहे. आयसीएमआरच्या २०१७ च्या मार्गदर्शक तत्त्वांनी सांगितलं, की रक्ताच्या आजारांसाठीचं प्रत्यारोपण सोडलं तर स्टेम सेलचा इतर वापर मंजूर ट्रायलमध्येच करायचा, आणि त्याची जाहिरात करायची नाही. २०१९ च्या नियमांनी स्टेम सेलपासून बनवलेलं उत्पादन ‘नवं औषध’ ठरवलं. नव्या औषधाला आधी परीक्षा, मग विक्री. म्हणून कुणी तुम्हाला पॅकेज दाखवलं तर तीनच प्रश्न विचारा. क्लिनिकल ट्रायल्स रजिस्ट्रीमध्ये तुमच्या ट्रायलचा नंबर काय? एथिक्स कमिटी कुठली? आणि ही ट्रायल असेल तर माझ्याकडून पैसे का घेताय? ही रजिस्ट्री २००७ पासून सुरू आहे, घरबसल्या फुकट बघता येते. हॉटेलचे रिव्ह्यूज वाचण्यात आपण जेवढा वेळ घालवतो, त्याच्या निम्म्यात हे काम होतं.

दरम्यान ऑफिसातल्या एका सीनियर मॅडमनी त्यांच्या सासऱ्यांवर उपचार करणाऱ्या फूट स्पेशालिस्टचा नंबर दिला. साधा दवाखाना, प्लॅस्टिकच्या खुर्च्या, कॅप्युचिनो नाही. डॉक्टरबाईंनी पहिलं काम केलं ते खाली स्टुलावर बसून तात्यांचा पाय मांडीवर घेण्याचं. तात्या इतके अवघडले की पाय मागेच घ्यायला लागले. ‘‘अहो बाई, पाय कशाला...’’

‘‘काका, पायाचीच डॉक्टर आहे मी.’’

त्यांनी नायलॉनचा एक बारीक तंतू काढला. तो त्वचेवर टेकवला की दहा ग्रॅमच्या दाबाला वाकतो. ‘‘काका, डोळे मिटा. जिथे लागेल तिथे ‘हं’ म्हणा.’’ तात्यांनी डोळे मिटले. बाई एकेका ठिकाणी तंतू टेकवत गेल्या. अंगठा, करंगळी, तळवा, टाच. खोलीत पंख्याचा आवाज. थोड्या वेळानं तात्या मिटल्या डोळ्यांनीच म्हणाले, ‘‘हं, करा की सुरू.’’

दोन्ही पाय तपासून झाले होते.

मी खिडकीबाहेर पाहिलं. त्या क्षणी कुणाकडे पाहायचं ते कळेना.

मग डॉप्लर लावलं. त्यातून तात्यांच्या पायातलं रक्त फस्-फस् असं ऐकू आलं, आणि बाईंचा चेहरा जरा सैल झाला. त्यांनी अंगठ्यातला दाबही मोजला, कारण मधुमेहात रक्तवाहिन्या कडक झाल्या तर घोट्याचा आकडा उगाच चांगला दिसतो. जखमेतून हाडापर्यंत काही जातंय का ते पाहिलं, एक्स-रे काढला. हाड शाबूत होतं. इन्फेक्शन आटोक्यात होतं. मी ब्रोशर पुढे केलं. त्यांनी ते न हसता वाचलं, हे मला आवडलं.

‘‘तुमच्या वडिलांच्या पायात रक्त येतंय. तिथे पेशी कमी पडत नाहीत. तिथे वजन जास्त पडतंय.’’

‘‘पण त्यांचं वजन तर पंचावन्न किलो आहे!’’

‘‘हो. पंचावन्न किलो, दिवसाला हजारो पावलं, आणि रुपयाएवढ्या जागेवर. तुमची-माझी जखम दुखते म्हणून आपण लंगडतो, तिला आराम मिळतो. हे लंगडतच नाहीत.’’

उपाय होता प्लास्टर. गुडघ्याखालपासून, पायाला चिकटून बसणारं, जेणेकरून वजन सगळ्या पायावर वाटलं जातं आणि जखमेची जागा सुटते. इन्फेक्शन असेल किंवा रक्त पोचत नसेल तर हे प्लास्टर घालत नाहीत, म्हणून आधी एवढ्या तपासण्या. मी विचारलं, काढता-घालता येणारा बूट नाही का? बाई म्हणाल्या, आहे. २००१ च्या एका अमेरिकन अभ्यासात बारा आठवड्यांत प्लास्टरवाल्यांपैकी जवळपास नव्वद टक्क्यांच्या जखमा भरल्या, बूटवाल्यांपैकी पासष्ट. का? नंतर त्याच लोकांनी पावलं मोजली, तर रुग्ण दिवसातल्या फक्त २८ टक्के पावलांना बूट घालत होते. घरात आलं की काढून ठेवायचे. म्हणजे ब्रोशरमधले ते ‘नव्वद टक्के’ खरोखर कुठेतरी होते. फक्त ते स्टेम सेलचे नव्हते, प्लास्टर ऑफ पॅरिसचे होते.

हे प्लास्टर अमेरिकेत लोकप्रिय झालं ते आपल्या देशातून. डॉ. पॉल ब्रँड नावाचे सर्जन १९४६ मध्ये वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजात आले. कुष्ठरोग्यांची बोटं ‘सडून गळतात’ असं तेव्हा सगळे मानायचे. ब्रँडनी पाहिलं, की बोटं आपोआप गळत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस त्याच जखमेवर चालत राहतो, आणि जखम वाढत जाते. त्यांनी या पायांना प्लास्टरमध्ये विश्रांती दिली आणि जखमा भरल्या. १९६० च्या दशकात ते अमेरिकेत गेले आणि तीच रीत तिथल्या मधुमेहींच्या पायांवर आली.

प्लास्टर घालून तात्या म्हसवडला आले. आणि मग जे आम्हाला कळलं ते कुठल्याच लेखात लिहिलेलं नव्हतं. पायावरचं वजन उतरवलं की ते नाहीसं होत नाही. ते दुसऱ्या कुणालातरी उचलावं लागतं.

दोन म्हशी होत्या, पहाटेच्या धारा होत्या. डाळिंबाला पाणी रात्री लाइट येईल तेव्हा सोडायचं होतं. बाजार होता, बँक होती, उन्हाळ्याच्या तोंडावर वैरणीची व्यवस्था होती. साडेतीन लाखांचा ईएमआय मी भरला असता. तीस सेकंदांचं काम. पण तात्यांच्या दिवसाचे बारा तास भरायचे तर माणसं लागत होती.

मी मॅनेजरकडे सहा आठवडे गावाहून काम करायची परवानगी मागितली. त्यानं आधी विचारलं, ‘‘नेटवर्क आहे?’’ मग विचारलं, ‘‘वडील बरे आहेत ना?’’ क्रम चुकला, पण परवानगी दिली. पहाटे पाचला आईबरोबर गोठा, नऊला स्टॅण्डअप कॉल. एकदा अमेरिकन क्लायंटनं विचारलं, ‘‘इज दॅट अ काऊ?’’ मी म्हणालो, ‘‘नो, बफेलो.’’ त्या दिवशी मीटिंग वेळेआधी संपली. आतेभावानं पाण्याची पाळी आणि वैरण आपल्या अंगावर घेतली. प्लास्टर दर आठवड्याला बदलायचं होतं, म्हणून दर शनिवारी तोच गाडी काढून दहिवडी-फलटणमार्गे आम्हाला पुण्याला घेऊन जायचा. डिझेलचे पैसेही घेतले नाहीत. स्टेम सेलचं नाव त्यानंही पुन्हा काढलं नाही, मीही काढलं नाही.

सगळ्यात अवघड काम तात्यांचं होतं. बसायचं. चौसष्ट वर्षांत जे कधी केलं नव्हतं ते. पहिल्या आठवड्यात त्यांनी दोनदा गोठ्यात जायचा प्रयत्न केला. तिसऱ्यांदा आईनं काठीच लपवली. ‘‘मी काय देव्हाऱ्यातला देव हाय व्हय, बसवून ठेवायला?’’ ते ओरडले. आई शांतपणे म्हणाली, ‘‘देव असता तर आयकलं असतं.’’ नंतर हळूहळू ते ओसरीवर माणदेशी तरंग रेडिओ लावून बसायला लागले. येणाऱ्या-जाणाऱ्याला हाका मारायचे. मी लॅपटॉपवर काय करतो ते त्यांनी पहिल्यांदा नीट विचारलं. मी सांगितलं, दुसऱ्यांनी केलेल्या कामातल्या चुका काढतो. ‘‘आणि त्याचा पगार देत्यात?’’ आमच्या नात्यात एवढी मोठी चर्चा याआधी झाली नव्हती.

दहाव्या आठवड्यात प्लास्टर उघडलं तेव्हा रुपयाच्या जागी कोवळी गुलाबी कातडी होती. आई डॉक्टरबाईंच्या पाया पडायला वाकली, त्यांनी तिला वरच्यावर धरलं. आणि म्हणाल्या, ‘‘बरी झाली म्हणू नका. झोपली म्हणा.’’ कारण अशा भरलेल्या जखमांपैकी साधारण चाळीस टक्के वर्षभरात पुन्हा उघडतात, पाच वर्षांत पासष्ट टक्क्यांपर्यंत. नसा परत येत नाहीत. पाय तोच, चालणारा माणूस तोच. सगळा खर्च, गाडीच्या डिझेलसकट धरला तरी, त्या पॅकेजच्या आसपासही नव्हता.

आता प्रश्न चपलेचा. बाईंनी एमसीआर चप्पल दिली होती, आत मऊ रबर आणि मागे पट्टा असलेली. तात्यांनी ती पाहिली आणि बाजूला सारली. ‘‘ही म्हारोग्याची चप्पल हाय. गावात घालून फिरू व्हय मी?’’ खरंच होतं. कुष्ठरोग्यांना हीच चप्पल देतात. मग मी त्यांना वेल्लोरची गोष्ट सांगितली. ब्रँड डॉक्टरांची, प्लास्टरची, न दुखणाऱ्या पायांची. तात्यांनी पूर्ण ऐकली. बराच वेळ चप्पल हातात घेऊन रबर दाबून पाहत बसले.

‘‘म्हंजी त्या लोकांच्या पायानं माझा पाय वाचला म्हण की.’’

दुसऱ्या दिवशी चप्पल त्यांच्या पायात होती. चार दिवसांनी त्यांनीच शेजारच्या शुगरवाल्या चुलत्यांना सांगितलं, ‘‘घे एक जोड. मऊ हाय.’’

मार्गशीर्षात पुन्हा रथ आला. तात्या त्या पट्ट्याच्या चपला घालून एका ओट्यावर उभे राहिले. गुलाल-खोबरं तिथूनच उधळलं. हात जोडले तेव्हा नजर एकदा चपलांकडे गेली, मग रथाकडे. काही बोलले नाहीत. गर्दीतून मला हातानं खूण केली, पुढं जा. मी रथाच्या दोराला हात लावून आलो. बुटासकट.

स्टेम सेलवर माझा राग नाही. उद्या एखादं औषध नीट परीक्षा पास होऊन येईल, तात्यांना त्याची गरज लागेल, तेव्हा रांगेत पहिला मी उभा असेन. टेस्टरला चांगला रिलीज बघायला आवडतोच. पण तोवर जे काम करतं ते अगदीच अनग्लॅमरस आहे. पाय उचलून बघणं, साखर आवरणं, बुटात हात घालून खडा तपासणं, गरम पाण्याच्या पिशवीला नाही म्हणणं, घरातसुद्धा अनवाणी न फिरणं. वर्षातून एकदा तरी पायाची तपासणी. आणि जखम झालीच तर ‘दुखत नाही ना, मग राहू दे’ असं म्हणण्याऐवजी त्याच दिवशी गाडी काढणं. न दुखणं हीच त्यातली धोक्याची घंटा.

हे वाचणाऱ्यांपैकी अनेकांचे आई-वडील गावी आहेत. आपण पैसे पाठवतो, ऑनलाइन औषधं पाठवतो, व्हिडिओ कॉलवर चेहरा बघतो. तळवे कॉलवर दिसत नाहीत. तेव्हा पुढच्या वीकेण्डला गेलात तर चहा झाल्यावर मोबाइलचा टॉर्च लावा आणि सांगा, पाय दाखवा. ते लाजतील, चिडतील, ‘काही झालं नाही’ म्हणतील. तरी बघा. बोटांच्या मधेही बघा.

मी महिन्यातून दोनदा जातो. दारात वाकून नमस्कार करतो, तसाच खाली बसतो आणि तात्यांचा पाय मांडीवर घेतो. आता ते मागे घेत नाहीत.